एडी पालमिएरी: आठ महिने रोज ऐकल्यानंतर

आठ महिने झाले, दिवसाला साधारण तासभर एडी पालमिएरी चालू आहेत. न्यूयॉर्कचे साल्सा पियानोवादक आणि बँडप्रमुख, जन्म १९३६, शेवटच्या वर्षांपर्यंत वाजवत राहिले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ८८ व्या वर्षी गेले. मत आधीच सांगून टाकायचं तर हे संगीत मुरतं. पहिल्या आठवड्यात सगळं एकदम अंगावर येतं. ट्रोम्बोन कर्कश वाटतात, शब्द स्पॅनिश असल्यामुळे आधाराला काही सापडत नाही, दोन गाण्यांतला फरकही पटकन लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एकेक वाद्य सुटं व्हायला लागतं. सहाव्या महिन्यात तर अशी अवस्था येते की तेच गाणं पुन्हा लावावं आणि पियानोच्या डाव्या हातामागे जाताना उजवा हात ऐकायचा राहूनच जावा. मात्र हे आपोआप होत नाही. कुठून सुरुवात केली आणि कशावर ऐकलं, याने बराच फरक पडतो.

कोणालाही विचारा, १९७४ चा ‘द सन ऑफ लॅटिन म्युझिक’ पुढे केला जातो. लॅटिन संगीतासाठीचं पहिलं ग्रॅमी याच तबकडीला मिळालं, १९७६ च्या सोहळ्यात. तबकडी मोठीच आहे. तरी ती पहिली लावू नका. तिच्यातलं ‘उन दिया बोनितो’ चौदा मिनिटांहून लांब आहे आणि त्याचा सुरुवातीचा बराच भाग ठेका न धरता चालतो. ज्याच्या कानात ठेका अजून बसलेला नाही, त्याला पुढे ठेका कुठे उगवतो तेच कळत नाही आणि तो बंद करून टाकतो. त्यातली कलाटणी कळायला आधी नेहमीची चाल अंगवळणी पडलेली हवी.

सुरुवात १९६५ च्या ‘आसुकार पा’ ती’ने करा. हा ‘ला पर्फेक्ता’ या बँडचा काळ. पालमिएरींचे आईवडील पुएर्तो रिकोतल्या पोन्से गावाकडचे, ते स्वतः वाढले ब्रॉन्क्समध्ये. नऊ वर्षांनी मोठे असलेले भाऊ चार्ली आधीच नावाजलेले पियानोवादक होते. एडी मात्र तेराव्या वर्षी पियानो सोडून काकांच्या बँडमध्ये तिंबालेस, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या ढोलांची जोडी, वाजवायला गेले आणि मग परत पियानोवर आले. ही माहिती चरित्रात एका ओळीत येते, पण कानाला ती सगळीकडे ऐकू येते. त्यांचा पियानो म्हणजे सुरात लावलेलं तालवाद्य आहे. एकाच सुरावर ठोके, कोपराने दाबलेले सुरांचे जुडगे, आणि हे चालू असताना मागून येणारं त्यांचं स्वतःचं घुमणं. ते गुरगुरणं रेकॉर्डिंगमधला दोष समजून हेडफोन तपासत बसू नका, ते वाजवताना तोंडाने लय धरत असत.

१९५८ ते १९६० तितो रोद्रिगेस यांच्या ऑर्केस्ट्रात काढल्यावर १९६१ मध्ये त्यांनी स्वतःचा बँड उभा केला. त्या वेळी नाचघरांतल्या बँडमध्ये ट्रम्पेटची रांग असायची. त्यांनी ट्रम्पेट काढून टाकले आणि दोन ट्रोम्बोन, एक बासरी, पियानो, बास, तिंबालेस, कोंगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) आणि गायक अशा आठ जणांवर काम भागवलं. ट्रोम्बोनवर बॅरी रॉजर्स आणि होसे रोद्रिगेस, बासरीवर जॉर्ज कास्त्रो, तिंबालेसवर मॅनी ओकेंदो, कोंगावर टॉमी लोपेस, गायक इस्माएल किंताना. बासरीवर चालणाऱ्या बँडला ‘चरंगा’ म्हणतात. त्यात ट्रोम्बोन घातले म्हणून चार्लींनी गमतीने याला ‘ट्रोम्बांगा’ नाव दिलं. बासरी वर टोकाला, ट्रोम्बोन खाली जाड, आणि मधली जागा पियानोला मोकळी. आठ जणांचा बँड वीस जणांसारखा वाजतो, त्यामागे मुख्यतः ही मोकळी जागा आहे.

आता अडतं कुठे ते सांगायला हवं, कारण मराठी कानाला ठरावीक ठिकाणीच अडतं. आपण सम शोधतो आणि इथे समेवर बास गप्प असतो.

तीनताल येत असेल तर पुढचं अर्ध्या तासात जमेल. सोळा मात्रा मोजा. साल्साच्या मुळाशी ‘क्लावे’ नावाचा पाच टाळ्यांचा साचा असतो. त्या टाळ्या १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर पडतात. आपल्या तीनतालात ९ वर खाली येते, क्लावेतही ९ वर टाळी नाही. १ आणि १३ दोन्हीकडे सारखे. गडबड होते ती ५ वर, कारण तिथे आपला हात सवयीने पडतो आणि क्लावे मात्र ४ आणि ७ वर जाऊन ५ ला बगल देते. आधी फक्त पायाने १, ५, ९, १३ धरा. मिनिटाला १२० मात्रांनी सुरुवात करा, हात आणि पाय न भांडता चालले की वीस-वीसने वाढवा. नाचाच्या वेगात याच मात्रा मिनिटाला ३५० ते ४०० पर्यंत जातात, म्हणजे चांगल्या द्रुताची लय. तिथपर्यंत हाताने पोहोचायची गरज नाही, कानाने पोहोचलं तरी पुरे.

मग बास ऐका. बासची चाल ४, ७, १२ आणि १५ वर असते. पहिल्या अर्ध्यात ती क्लावेच्या दोन टाळ्यांवर चपखल बसते, दुसऱ्या अर्ध्यात त्यांना चुकवून जाते. १५ वर वाजलेला सूर पुढच्या आवर्तनाचा असतो, तो आधीच येऊन बसलेला असतो. म्हणून समेवर बास वाजत नाही आणि तरी सगळा बँड पुढे झुकल्यासारखा वाटतो. कोंगाची कोरडी थाप ३ आणि ११ वर, खुले घुमणारे ठोके ७-८ आणि १५-१६ वर. हे तीन थर जुळले की काम झालं.

नेहमीची चूक अशी की अर्धं आवर्तन उलटं धरलं जातं. पुष्कळ गाण्यांत क्लावे दोन टाळ्यांच्या बाजूने सुरू होते आणि मग टाळ्या ३, ५, ९, १२, १५ वर येतात. तुम्ही एकीकडून मोजताय आणि बँड दुसरीकडून, असं झालं की पियानो बेताल वाटायला लागतो. पियानो बेताल नसतो, तुमचा आठ मात्रांचा घोळ झालेला असतो. थांबा, टाळी सोडा, घंटा ऐका. गाण्याचा दुसरा भाग, म्हणजे ‘मोंतुनो’, सुरू झाला की तिंबालेसवाला ढोलाची कड वाजवणं सोडून घंटेवर येतो, आणि बोंगो (हाताने वाजवायची छोट्या ढोलांची जोडी) असेल तर बोंगोवालाही हातात घंटा घेतो. बोंगोवाल्याच्या घंटेचे जाड ठोके सरळ १, ५, ९, १३ वर असतात. रस्ता चुकलेल्याला इतका खात्रीचा खांब दुसरा नाही.

हे एवढं झालं की ‘आसुकार’ लावा. आठ मिनिटांहून लांब आहे. त्या काळी रेडिओवरचं गाणं तीन मिनिटांत आटपायचं, त्या हिशेबाने हे नियमाबाहेरचं होतं. नाचघरात लोक थांबू देत नसत म्हणून अशी गाणी लांबत गेली आणि हे लांब रूपच तबकडीवर आलं. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने पुढे ते जतन करायच्या राष्ट्रीय यादीत घेतलं. त्यातला पियानोचा भाग पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखा आहे. पियानोवर फिरत राहणाऱ्या चालीला ‘ग्वाहेओ’ म्हणतात. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमचा लेहरा जे काम करतो तेच ग्वाहेओ करतो: न बदलता फिरत राहणं, म्हणजे दुसऱ्याला त्यावर खेळता येतं. इथे लेहरा धरणारा आणि त्यावर खेळणारा एकच माणूस आहे. डावा हात ग्वाहेओ सोडत नाही आणि उजवा हात त्याच्यावर, त्याच्या आड, कधी त्याच्या विरुद्ध जातो. पहिली पाच-सहा वेळा फक्त डाव्या हातावर लक्ष ठेवा. उजवा हात कितीही भडकला तरी डावा तसूभर हलत नाही हे एकदा दिसलं की मग उजवा हात किती धोका पत्करतोय ते कळतं.

ट्रोम्बोनकडेही असंच वेगळं लक्ष द्यायला हवं. मोंतुनोत कोरस एक ओळ धरून ठेवतो, गायक मधल्या जागा भरतो आणि मग ट्रोम्बोन लहानशी सुरावट उचलतात, तीच वाजवत राहतात, दुसरा तिच्यावर दुसरी चढवतो. याला ‘मोन्या’ म्हणतात. बॅरी रॉजर्स यात बिनतोड होता. पुढे साल्सात ट्रोम्बोनचा जो खरखरीत, रस्त्यावरचा आवाज सगळीकडे पसरला, त्याची वाट या दोघा ट्रोम्बोनवाल्यांनी रुंद केली.

कशावर ऐकायचं याबद्दल थोडक्यात. फोनच्या स्पीकरवर बास जवळजवळ जातोच, आणि बास गेला की वर लिहिलेलं सगळं व्यर्थ. उभ्या बासची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झवर असते. साधे तारेचे हेडफोनही चालतात, पण ‘बेस बूस्ट’ बंद ठेवा. तो चालू असला की बास फुगतो, कोंगाचे खुले ठोके त्यात बुडतात आणि ७-८ ऐकूच येत नाही. एकाच कानात इयरबड घालून ऐकू नका. साठच्या दशकातल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणात वाद्यं बऱ्याचदा डाव्या-उजव्या टोकांना टाकलेली असतात, त्यामुळे अर्धा बँड नाहीसा होतो. जुनी तबकडी विकत घेणार असाल तर खोबणी उजेडात तिरकी धरून पाहा. या तबकड्या घरोघरी नाचासाठी वाजल्या आहेत, आणि सुई बोथट असताना जोरात वाजवलेल्या तबकडीवर सगळ्यात आधी ट्रोम्बोन फाटतात. धुऊन कचकच जाते, फाटलेला आवाज परत येत नाही.

पुढचा क्रम आमच्या मते असा. ‘आसुकार पा’ ती’ दोन महिने. मग १९६४ ची ‘एचांदो पा’लांते’. रात्री उशिरा १९६६ ची ‘एल सोनिदो नुएवो’, जी त्यांनी व्हायब्राफोनवादक कॅल जेडरसोबत केली. जॅझकडून येणाऱ्याने तर हिच्यापासूनच सुरुवात केली तरी चालेल. १९६८ मध्ये ला पर्फेक्ता फुटली आणि त्याच वर्षीची ‘शँपेन’ आमच्याकडे सगळ्यात लवकर शिळी झाली. बुगालूच्या, म्हणजे लॅटिन ठेका आणि अमेरिकन सोल यांच्या मिश्रणाच्या, लाटेतली गाणी एकदोनदा मजा देतात, चौथ्या खेपेला त्यांच्यात नवीन काही उरत नाही. १९६९ ची ‘हुस्तिसिया’ मात्र ऐकत राहावी अशी आहे, नावाप्रमाणे न्यायाबद्दल बोलणारी. १९७० च्या ‘सुपरइम्पोझिशन’ची पहिली बाजू पक्की नाचाची, दुसरी पूर्ण वाद्यांची आणि अवघड. अनेकजण ती दुसरी बाजू सोडून देतात. तसं करू नका, पण पाचव्या महिन्याआधी तिला हातही लावू नका.

१९७१ ची ‘वामोनोस पा’ल मोंते’ घराघरांत माहीत असलेली. त्यात चार्ली ऑर्गनवर आहेत आणि धाकटा पियानोवर. दोघं एकमेकांना उत्तरं देत नाहीत, एकमेकांना जागा देतात, आणि ऑर्गन चढत जातो तेव्हा पियानोचा लेहरा घट्ट होत जातो. दोन भावांचं असं ध्वनिमुद्रण हाती असणं हे भाग्यच. त्याच वर्षीची ‘हार्लेम रिव्हर ड्राइव्ह’ ही कृष्णवर्णीय सोल आणि फंक वादकांना सोबत घेऊन केलेली. शहरातल्या गरिबीवर थेट बोलते, इंग्रजीत. १९७२ मध्ये हीच मंडळी सिंग सिंग तुरुंगात वाजवायला गेली, त्या कार्यक्रमाची तबकडी आहे. आवाज खडबडीत आहे, पण समोरच्या कैद्यांचा प्रतिसाद ऐकून बँड कसा पेटतो ते कुठल्याच स्टुडिओत मिळणार नाही.

त्यानंतर ‘सेंतिदो’ (१९७३), आणि मग कुठे ‘द सन ऑफ लॅटिन म्युझिक’. गायक लालो रोद्रिगेस तेव्हा सोळा वर्षांचा होता. आता ‘उन दिया बोनितो’ लावा. सुरुवातीच्या त्या ठेका नसलेल्या मिनिटांत मात्रा मोजू नका, हात मांडीवर पालथा ठेवा. बँड आत येईल तेव्हा हात आपोआप ४ वर पडेल, ५ वर पडणार नाही.