लेथवरचा दोन एचपीचा ड्राइव्ह: वापरानंतरचा अनुभव

घरामागच्या शेडमधल्या साडेचार फुटी लेथला सिंगल फेजवर चालणारा दोन एचपीचा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावला, त्याला आता एक पावसाळा आणि एक उन्हाळा होऊन गेला. ड्राइव्ह चांगला आहे, मॅन्युअल भिकार आहे. आणि स्क्रीनवर येणाऱ्या बिघाडाच्या कोडवर आंधळा विश्वास टाकू नये. ड्राइव्हला काय जाणवलं तेवढंच तो कोड सांगतो. कुठे बिनसलंय, ते मीटर हातात घेऊन आपणच शोधायचं.

घेण्याआधी मोटरची पाटी वाचा. २३० व्होल्ट सिंगल फेज दिली की ड्राइव्हमधून थ्री फेज निघते, पण तीही जास्तीत जास्त २३० व्होल्टचीच. आपल्याकडे दोन एचपीपर्यंतच्या बहुतेक मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) असतात. ४१५ ला १.७३२ ने भागलं की २४० येतात, म्हणजे डेल्टा (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडून) केल्यावर मोटरला हवा तो व्होल्टेज जवळपास मिळतो. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पट्ट्या फिरवल्या की काम झालं. तीनच असतील तर वाइंडरकडे जा. लेथचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच मात्र ड्राइव्ह आणि मोटरच्या मधे ठेवायचा नाही. त्याच्या तारा कंट्रोल टर्मिनलवर न्यायच्या.

सगळ्यात जास्त छळलं आरसीसीबीने, म्हणजे करंट अर्थमध्ये गळला की सप्लाय तोडणाऱ्या ब्रेकरने. ड्राइव्ह चालू केला की अख्ख्या घराची लाईट गुल, आणि ड्राइव्हवर कोड काहीच नाही. एका वायरमनने सल्ला दिला, "अर्थ काढून टाका, ट्रिप होणार नाही." खरंच होणार नाही! पण उद्या वाइंडिंग बॉडीला लागलं तर लेथच्या हँडलमध्ये करंट येईल. असला सल्ला देणाऱ्याला शेडमध्ये पाय ठेवू देऊ नका. कारण साधं आहे: ड्राइव्हच्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडा करंट कायम अर्थमध्ये सोडतात, मोटरच्या केबलमधूनही थोडा गळतो, त्यात फ्रिज आणि वॉशिंग मशीनची भर पडते. ३० मिलीअँपची मर्यादा मग सहज गाठली जाते. शेडसाठी मेन बोर्डवरून वेगळी लाईन घेतली आणि तिला स्वतंत्र आरसीसीबी लावला. घरात सर्रास असतो तो एसी टाइप इथे चालत नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेला टाइप घ्या. केबल आखूड केली, कॅरियर फ्रिक्वेन्सी (ड्राइव्हमधल्या स्विचिंगचा वेग) ८ वरून ४ किलोहर्ट्झवर आणली. मोटर थोडी किणकिणते, पण ट्रिपिंग थांबलं.

पावसाळ्यात ओव्हरकरंटचा कोड यायला लागला, तोही सकाळी पहिल्यांदा सुरू करतानाच. दुकानदाराचं उत्तर तयार होतं: ड्राइव्ह गेला. सप्लाय बंद केला, दहा मिनिटं थांबलो, प्लस-मायनस टर्मिनलवर डीसी उतरल्याची खात्री केली (ही घाई कुणी करू नये, तिथे सव्वातीनशे व्होल्ट असतात), आणि मोटरकडे जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यूच्या तारा सोडवल्या. रिकामा ड्राइव्ह निवांत चालला. म्हणजे गडबड पुढे होती. तारा सुटलेल्याच ठेवून मोटरला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावला, तर बॉडीला रीडिंग एक मेगओहमच्या खाली. टर्मिनल बॉक्सचं गॅस्केट फाटलेलं, आत बिडाची भुकटी आणि कूलंटचा ओलावा. बॉक्स साफ करून मोटर बल्बच्या उबेत सुकवली, गॅस्केट बदललं. कोड परत आलेला नाही. ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर मारला तर मात्र ड्राइव्ह खरंच जाईल.

ओव्हरव्होल्टेजचा कोड यायचा तो जड फोर-जॉ चक (जॉब पकडणारा चार जबड्यांचा चक) झटकन थांबवताना. मोटर तेव्हा जनरेटर होते आणि डीसी बस, म्हणजे ड्राइव्हच्या आतला डीसी व्होल्टेज, वर चढतो. थांबण्याचा वेळ दोनवरून सहा सेकंद केला, विषय संपला. घाईच असेल तर ही परत आलेली वीज जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावा.

अंडरव्होल्टेजसाठी स्क्रीनवर डीसी बसचा आकडा लावून ठेवतो. २३० असताना तो ३२५ च्या आसपास हवा. कट घेताना तो फार खाली बसला की आधी शेडपर्यंतची वायर तपासा. पूर्ण लोडवर हा ड्राइव्ह १५ अँपच्या आसपास ओढतो, त्यापुढे दीड एमएमची लांब वायर कुठे पुरणार? चार एमएमची टाकल्यावर संध्याकाळी पंप सुरू असतानाही आकडा टिकतो. आउटपुटला साधं मल्टिमीटर लावून मात्र डोकं खाजवू नका, तिथली पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारी वीज) त्याला नीट वाचता येत नाही.

पुलीवरचा पट्टा बदलायचा कंटाळा, एवढ्याचसाठी कुणी हा घेणार असेल तर थांबा. १५ हर्ट्झवर टॉर्क मिळतो, पण ताकद वेगाच्या प्रमाणात उतरते आणि मोटरचा पंखाही मंद फिरतो. मोठ्या व्यासाच्या जॉबवर खोल कट घ्यायचा तर मी अजूनही बॅकगिअरच (वेग कमी करून टॉर्क वाढवणारा लेथचा गिअर) टाकतो.