तहसीलबाहेरचे बाँड रायटर काका: वारस नोंदीचा आमचा अनुभव

आमचे वडील, अण्णा, फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. तेरवीचं जेवण उरकलं आणि ओसरीवर एका पाहुण्यांनी विषय काढला, "पोरींच्या सह्या घेऊन टाका, भावाच्या मागं कटकट नको." मी आणि धाकटी बहीण दोघी लगेच हो म्हणालो. त्या दिवशी मला सातबारा, गुंठे, वाटा काहीच सुचत नव्हतं. पुढच्या आठवड्यात माय, भाऊ आणि आम्ही दोघी तालुक्याला गेलो ते हक्कसोडपत्र लिहून घ्यायलाच.

तालुका लातूर जिल्ह्यातला. तहसीलच्या फाटकाबाहेर लिंबाखाली पत्र्याचं शेड आहे, तिथं बाँड रायटर बसतात. त्यातल्या शेवटच्या टेबलावरच्या काकांबद्दल हे लिहिते आहे. नाव देऊ नका म्हणाले, म्हणून देत नाही.

काकांनी हक्कसोडाचा कागद हातात घेतलाच नाही. आधी सातबारा आणि आठ-अ मागितला, मग मृत्यूचा दाखला. आणि विचारलं, "मागं कोण कोण हाईत?" भावानं सांगितलं, माय, मी आणि या दोघी बहिणी. काका म्हणाले, "आन् अण्णांची माय?"

आजी हयात आहे. नव्वदीची, चुलत्यांकडे राहते. आम्हा चौघांपैकी एकाच्याही मनात तिचं नाव आलं नव्हतं. काकांनी सांगितलं की १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत त्याची बायको, मुलं, मुली यांच्या बरोबरीनं त्याची आईसुद्धा येते. आमचा जमिनीचा मोठा गट अण्णांनी स्वतः विकत घेतलेला, तीन एकर तीस गुंठे. म्हणजे दीडशे गुंठे, पाच वारस, प्रत्येकी तीस गुंठे. त्यांनी ते सातबाऱ्याच्या झेरॉक्समागं मांडून दाखवलं.

भावाचा चेहरा उतरला, आणि ते साहजिक होतं. आजीच्या तीस गुंठ्यांना पुढं चुलते, आत्या आणि अण्णांच्या वाटणीचे आम्ही तिघं असे सगळे वारस लागणार. ओढूनताणून आपलीच अडचण वाढवून घेतल्यासारखं वाटलं. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालंही की आजीचं नाव टाकायची काय गरज, तलाठी कुठं बघतो. काकांनी त्याला गप्प केलं. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात हयात वारस लपवला तर ते खोटं प्रतिज्ञापत्र होतं, आणि दहा वर्षांनी चुलत्याच्या पोरानं अपील केलं की आख्खा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद, पुन्हा उघडतो, एवढंच ते बोलले. मला त्या शेडात उभं राहून अण्णांची आठवण आली. अण्णाही आजीला विचारल्याशिवाय पेरा करत नसत.

मग त्यांनी भावाला पैसे दिले आणि सगळ्यांसाठी समोरच्या रसवंतीतून रस आणायला पाठवलं. तो गेल्यावर आम्हा दोघींना विचारलं, "तायांनो, सोडायचंय का खरंच? का कुणी म्हणलं म्हणून?" बहीण म्हणाली, मला पैसा नको, पण अण्णांच्या सातबाऱ्यावर माझं नाव पाहिजे. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की तिला असं वाटतं. काका म्हणाले, मग आज हक्कसोड लिहायचा नाही. आधी पाचही नावं लागू द्या. सोडायचंच असेल तर नंतर दुय्यम निबंधकांकडे नोंदवून सोडता येतं, साध्या बाँडवर लिहून दिलेलं हक्कसोडपत्र महसुलात टिकत नाही. हक्कसोडाचे त्यांना जास्त पैसे मिळाले असते, हे मला नंतर कळलं.

नशिबानं तेव्हाच राज्यभर जिवंत सातबारा मोहीम होती, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, १ एप्रिल ते १० मे. गावात चावडीवाचनात मयत खातेदारांची यादी वाचली, तीत अण्णांचं नाव आलं. वारसांची नावं मात्र तोंडी सांगितलेली घेतली होती, त्यात फक्त माय आणि भाऊ. काकांनी लिहून दिलेला अर्ज आणि वंशावळ आमच्या हातात होती म्हणून ती चूक तिथंच सुधारता आली. पुढं गाव नमुना ६-क ला वारसांची नोंद, मग फेरफार, मग पंधरा दिवसांची नोटीस आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. मोहीम नसली तरी टप्पे हेच असतात. खातेदार गेल्यावर तीन महिन्यांत कळवायचं असतं, ते काकांनी अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख घालून दिलं होतं.

आणखी एक गोष्ट त्यांच्यामुळे वाचली. सातबाऱ्यावर अण्णांचं नुसतं नाव आणि आधारवर पुढं 'राव' लावलेलं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं वाक्य त्यांनी पहिल्याच प्रतिज्ञापत्रात घातलं. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, हेही त्यांनीच सांगितलं, नाहीतर आम्ही पाचशेचा बाँड घेऊन आलोच होतो. प्रोबेटचंही तसंच. मुंबईचा मामेभाऊ रोज फोन करून म्हणायचा की प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता, घ्या, त्याशिवाय काही होत नाही. काका म्हणाले, मृत्युपत्रच नाही तर प्रोबेट कशाचं? आणि असतं तरी ती सक्ती मुंबईकडं असायची, आपल्या मराठवाड्यातल्या जमिनीला नाही.

आता त्रुटी. काका हातानं लिहितात, टायपिंग शेजारून करून आणतात, त्यात मायचं वय चुकलं आणि एक पूर्ण दिवस गेला. पावती देत नाहीत, मी मागून चिठ्ठी लिहून घेतली. अर्ज, वंशावळ, प्रतिज्ञापत्र मिळून ९०० रुपये झाले, माझ्या मते रास्त. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, बोलायलाच उसंत नसते. ऑनलाइन काही ते करत नाहीत. ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज किंवा पंधरा रुपयांचा डिजिटल सहीचा सातबारा हवा असेल तर तो आपला आपण काढावा.

बँकेच्या कामात त्यांचा उपयोग झाला नाही. अण्णांची एक ठेव होती, नॉमिनी भाऊ. शाखेत वारस दाखला आणा म्हणाले, दोन हेलपाटे घातले. नॉमिनी असेल तर तो दाखला मागायचा नाही आणि कागद पूर्ण मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निपटारा करायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मी शोधून लेखी अर्जात घातला तेव्हा काम हललं. काका फक्त एवढं म्हणाले की नॉमिनी हा मालक नसतो, सांभाळणारा असतो. भावानं पैसे आल्यावर आधी मायच्या आणि आजीच्या खात्यावर त्यांचा वाटा टाकला, मग आम्हा दोघींना विचारलं. ते त्या वाक्यानं झालं की त्याच्या स्वभावानं, मला सांगता येणार नाही.

मोठ्या गटाचा फेरफार मंजूर झाला. नव्या सातबाऱ्यावर आता पाच नावं आहेत. सोसायटीचा पीककर्जाचा बोजा तसाच खाली आला आहे, तो येतोच. दुसरा छोटा गट अजून अडकला आहे, कारण तो चुलत्यांच्या नावावर 'एकुमॅ' म्हणून आहे, एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. ते काढायला सगळ्या शाखांचे वारस आणि चौकशी लागते. काकांनी त्यासाठी जुने फेरफार आणि १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे तेव्हाच्या जमीन पाहणीची नोंद, अभिलेख कक्षातून मागवायला सांगितलं आहे. चुलते सही करतो म्हणाले. आजीचं नाव आम्ही स्वतःहून लावलं हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

सकाळी अकराच्या आत गेलात तर काका निवांत भेटतात. आठ-अ, मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची आधार कार्डं न्या. घरात आजी असेल तर तिचंही आधार आधीच पिशवीत टाका.