सोलर हीटिंगच्या स्विमिंग पूलसाठी व्हेरिएबल स्पीड पंप: एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्सम येथे आमचे घर आहे. मागील अंगणात १५ बाय ३२ फुटांचा पूल असून त्याचे पाणी तापवण्यासाठी छपरावर ४ बाय १२ फुटांची आठ पॅनेल बसवलेली आहेत. ही पॅनेल वीज तयार करणारी नव्हेत. काळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक नळ्यांची ती बनलेली असतात आणि पूलचेच पाणी त्यांतून फिरून परत येते. जुना दीड हॉर्सपॉवरचा एकाच वेगाचा पंप खराब झाल्यावर आम्ही व्हेरिएबल स्पीड, म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारा, पंप घेतला. या आकाराच्या पूलसाठी येथे तसा फारसा पर्यायही उरलेला नाही, कारण जुलै २०२१ पासून लागू झालेल्या अमेरिकी ऊर्जा खात्याच्या नियमांमुळे मोठे एकवेगी पंप बाजारातून जवळजवळ गेले आहेत. त्यामुळे पंप घ्यावा की नाही यापेक्षा, सोलर असताना तो कोणत्या वेगाने चालवावा, हाच खरा प्रश्न आहे आणि त्याविषयी विक्रेते फारच कमी बोलतात.

या पंपांची सारी जाहिरात एका नियमावर उभी आहे. वेग निम्मा केला की पाण्याचा प्रवाह निम्मा होतो. पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणजे ती एक-अष्टमांश होते. नियम बरोबर आहे. प्रत्यक्षात मोटर आणि तिच्या इलेक्ट्रॉनिक्समधील तोटा धरला तर बचत थोडी कमी भरते, इतकेच. आमचा जुना पंप ३,४५० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना) सुमारे १,७५० वॉट घेत असे. नवा पंप १,४०० आरपीएमला १७० वॉटच्या आसपास घेतो, आणि नुसत्या फिल्टरिंगला तेवढा वेग पुरतो. आवाजाचा फरक तर असा आहे की पंप चालू आहे की बंद, हे पाहण्यासाठी जवळ जाऊन डिस्प्ले वाचावा लागतो.

मात्र १,४०० आरपीएमवर सोलर चालत नाही. पाणी छपरापर्यंत चढवण्यासाठी सुरुवातीला पुरेसा दाब लागतो. एकदा सगळा पाइप भरला की खाली उतरणारे पाणी चढणाऱ्या पाण्याचे वजन तोलून धरते आणि पंपाला केवळ घर्षणाचा विरोध उरतो. म्हणून सुरुवातीचा वेग जास्त आणि नंतरचा कमी ठेवता येतो. पण नंतरचा वेग फार उतरवला तर छपरावरच्या पाइपमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, तेथील व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि आत हवा ओढली जाते. याची खूण पूलमध्येच दिसते: भिंतीतील जेटमधून, म्हणजे पाणी पूलमध्ये परत येते त्या तोंडातून, बारीक पांढऱ्या बुडबुड्यांचा लोट येऊ लागतो. आमच्याकडे हा लोट २,००० आरपीएमच्या खाली दिसतो आणि त्याच्या थोडे वर गेल्यावर पूर्णपणे थांबतो. प्रत्येक घराच्या छपराची उंची, पाइपची जाडी आणि फिल्टरची अवस्था वेगळी असल्यामुळे हा आकडा ज्याने त्याने स्वतःच शोधावा लागतो.

बुडबुडे थांबले म्हणजे काम झाले, असेही नाही. या आकाराच्या प्रत्येक पॅनेलला मिनिटाला साधारण ५ गॅलन पाणी मिळावे लागते, म्हणजे आठ पॅनेलांना ४० गॅलन. प्रवाह मंद ठेवला तर परत येणाऱ्या पाण्याचा पाइप हाताला जास्त गरम लागतो आणि पाहणाऱ्याला वाटते की सोलर उत्तम चालले आहे. वस्तुस्थिती उलट असते. या पॅनेलांवर काच नसते, त्यामुळे ती जितकी तापतील तितकी उष्णता वाऱ्यावर जाते. पॅनेल हाताला गार लागले पाहिजे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात अडीच-तीन अंश सेल्सिअसचाच फरक दिसला पाहिजे; तेव्हाच पूलमध्ये जास्तीत जास्त उष्णता उतरते. म्हणून आम्ही सोलरचा वेग २,३०० वर ठेवला आहे. तेथे पंप सुमारे ६०० वॉट घेतो, जुन्या पंपाच्या जेमतेम एक-तृतीयांश. जाहिरातीतील नव्वद टक्के बचत सोलरच्या तासांत मिळत नाही, हे खरेदीपूर्वीच लक्षात ठेवावे. तरीही दिवसाचा हिशेब चांगलाच बसतो: पूर्वी आठ तासांना १४ युनिट लागत, आता सहा तास सोलर आणि पाच तास मंद फिल्टरिंग मिळून साडेचार युनिटच्या आसपास लागतात. येथील वीज कंपनी स्मडचा सर्वांत महाग दर सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ५ ते ८ असतो, आणि त्या वेळी पंप बंद ठेवणे आता सहज जमते.

बसवून देणाऱ्या ठेकेदाराने पंप दिवसभर ३,००० वर लावून ठेवला होता आणि जुन्या सोलर कंट्रोलरला तो जोडलाही नव्हता. ही तक्रार मी मुद्दाम नोंदवतो, कारण असे केल्यास नव्या पंपाचा अर्धा उपयोग वाया जातो. छपरावरच्या सेन्सरने ऊन पुरेसे असल्याचे सांगितल्यावर पाणी छपराकडे वळवणारा व्हॉल्व्ह फिरला पाहिजे आणि त्याच क्षणी पंपाचा वेगही वाढला पाहिजे. ढग आल्यावर दोन्ही परत मागे आले पाहिजेत. त्यासाठी आम्हाला रिले (पंपाला वेग बदलण्याचा इशारा देणारा विजेचा स्विच) असलेला नवा कंट्रोलर वेगळा घ्यावा लागला आणि तो खर्च मूळ अंदाजपत्रकात नव्हता. या पंपाला अखंड वीजपुरवठा लागतो, म्हणून जुना यांत्रिक टायमरही मधून काढावा लागला.

दोन अडचणी अजून आहेत. मंद वेगावर पृष्ठभागावरची पाने स्किमरकडे, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतील तोंडाकडे, ओढली जात नाहीत, म्हणून सकाळी तासभर २,६०० चा वेग द्यावाच लागतो (वरच्या हिशेबात हा तास धरलेला नाही). शिवाय मिठाच्या पाण्यातून क्लोरीन तयार करणारे आमचे यंत्र १,४०० च्या खाली प्रवाह अपुरा असल्याचे सांगून बंद पडते, त्यामुळे त्याहून खाली उतरता येत नाही. फिल्टरची काडतुसे (आतल्या गाळण्या) घाण झाली की हेच सारे आकडे वर सरकतात. बुडबुडे पुन्हा दिसू लागले तर आधी वेग न वाढवता काडतुसे धुवावीत.

सोलर असलेले कोणी हा पंप घेत असेल, तर ठेकेदार जाण्यापूर्वी त्याच्याकडून तीन वेग वेगवेगळे लावून घ्यावेत: छपरापर्यंत पाणी चढवण्याचा, सोलर चालू ठेवण्याचा आणि फिल्टरिंगचा. ते करताना पूलशेजारी उभे राहून जेटकडे पाहावे, आणि कंट्रोलरची जोडणी कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्यावी.