एनसीएमसी कार्ड आणि मेट्रोलगतचे लॉज: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड (एनसीएमसी), म्हणजे निरनिराळ्या शहरांतल्या मेट्रोचे भाडे भरण्यासाठी बँकेकडून मिळणारे एकच कार्ड, कसे दिसते, ते कुठे मिळते आणि मार्च २०१९ मध्ये ते ‘एक देश, एक कार्ड’ या घोषणेसह आले, हे वाचकांना ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो. हा अनुभव लिहायला निमित्त झाले ते पाचशे रुपयांचे. माझ्या खात्यातून ते गेले होते, एसएमएस आला होता, ॲपमध्ये ते जमा दिसत होते. आणि परक्या शहरात, सकाळच्या गर्दीत, मेट्रोचे गेट मात्र कार्डात पुरेशी रक्कम नसल्याचे सांगून मला आत सोडत नव्हते. बँकेचे आणि स्थानकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या अडचणीचे मूळ कार्डाच्या रचनेत आहे आणि ती कोणत्याही बँकेच्या कार्डावर येऊ शकते.

ही रचना नीट समजून घेतली पाहिजे. मेट्रोचे गेट बँकेच्या सर्व्हरला काहीही विचारत नाही. कार्ड टेकवले की ते चिपमध्ये लिहिलेली शिल्लक वाचते, बाहेर पडताना भाडे वजा करते आणि उरलेला आकडा परत चिपमध्येच लिहिते. आपण ॲपमधून भरलेले पैसे बँकेकडच्या नोंदीत जमा होतात. ते चिपमध्ये उतरवण्यासाठी कार्ड स्थानकातल्या यंत्रावर किंवा तिकीट खिडकीवर टेकवून शिल्लक अद्ययावत करून घ्यावी लागते. चिपमध्ये जास्तीत जास्त २,००० रुपये राहू शकतात. काही ठरावीक कार्डांना एनएफसी (कार्ड जवळ टेकवून वाचण्याची सोय) असलेल्या फोनवरूनही हे काम करता येऊ लागले आहे, माझ्या कार्डाला ती सोय नाही. कार्डासोबत आलेल्या पत्रकात हे सारे बारीक अक्षरांत छापलेले आहे, परंतु ॲप उघडल्यावर पहिल्या पडद्यावर एकच ठळक आकडा दिसतो आणि तो नेमका चिपमधला नसतो. प्रवाशाला गेटपाशी उपयोगाचा असलेला एकमेव आकडा त्याला गेटवर पोहोचेपर्यंत कळत नाही, यावर माझा मुख्य आक्षेप आहे आणि इतक्या महिन्यांच्या वापरानंतरही तो कमी झालेला नाही.

त्या दिवशी शिल्लक अद्ययावत करणारे यंत्र बंद होते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने कार्ड आपल्या यंत्रावर टेकवून पाहिले आणि व्यवहार होत नसल्याचे सांगून बँकेशी बोलायला सुचवले. बँकेच्या ग्राहक सेवेने रक्कम आमच्याकडून यशस्वीपणे भरली गेली आहे, तुम्ही मेट्रोशी बोला, असे उत्तर दिले. शेवटी पत्नीने फोनवर दोन क्यूआर तिकिटे काढली आणि आम्ही पुढे गेलो.

तरीही हे कार्ड मी टाकून दिले नाही, आणि त्याचे कारण हॉटेलांशी जोडलेले आहे. आम्ही पुण्याचे, वर्षातून अनेकदा दोन-तीन रात्रींसाठी एखाद्या मोठ्या शहरात जाणारे, आणि खर्चाच्या बाबतीत काटेकोर. हे कार्ड येण्यापूर्वी आम्ही आधी स्वस्त खोली शोधत असू आणि तिथून कसे फिरायचे ते नंतर पाहत असू. परिणामी खोलीत वाचलेले तीनशे रुपये रिक्षावाल्यांच्या हाती जात आणि वर घासाघीस करण्याचा मनस्ताप वेगळा. आता नकाशावर आधी मेट्रोचे स्थानक ठरते, त्याच्यापासून पायी दहा मिनिटांच्या आत असलेल्याच जागा पाहिल्या जातात आणि भाड्यांची तुलना त्यानंतर होते.

दिल्लीत या पद्धतीचा सर्वांत अधिक उपयोग झाला, आणि तिथेच नकाशावरचे अंतर किती फसवे असते तेही दिसले. पहाडगंजातली बहुतेक हॉटेले आपल्या जाहिरातीत नवी दिल्ली मेट्रो स्थानक जवळ असल्याचे लिहितात. सरळ रेषेत ते खरेही आहे. परंतु विमानतळाहून येणारी एअरपोर्ट एक्स्प्रेस ज्या नवी दिल्ली स्थानकात थांबते ते अजमेरी गेटच्या बाजूला आहे, पहाडगंज विरुद्ध बाजूला आहे आणि मध्ये सोळा फलाटांचे अख्खे रेल्वे स्थानक पसरलेले आहे. बॅगा घेऊन तो पादचारी पूल ओलांडण्यापेक्षा तिथेच पिवळ्या मार्गिकेने एक स्थानक पुढे राजीव चौकाला जावे, निळी मार्गिका धरून आणखी एक स्थानक रामकृष्ण आश्रम मार्गला उतरावे, म्हणजे आपण मेन बाजाराच्या पश्चिम टोकाशी निघतो. आमचे लॉज याच टोकाला होते. पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवनही आहे आणि दिल्लीला जाणाऱ्या मराठी माणसाने तिथे आधी चौकशी करावी, पण सुट्ट्यांच्या दिवसांत खोली मिळेलच असे धरून चालू नये.

त्या लॉजच्या खोलीचे भाडे बाराशेच्या घरात होते. चादरी स्वच्छ होत्या, गीझर चालू होता, आणि खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत व तिच्यावरून उतरलेले सांडपाण्याचे पाइप दिसत. छायाचित्रात तीच खिडकी पडदा लावून दाखवली होती. तेव्हापासून मी आरक्षणापूर्वी फोन करून दोन प्रश्न विचारतो: खिडकी रस्त्याकडे उघडते का, आणि सांगितलेले भाडे जीएसटी धरून आहे का. जुलै २०२२ पर्यंत दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर हा कर नव्हता, नंतर १२ टक्के लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांना तो ५ टक्के आहे. जुन्या दराने हिशेब सांगणारा व्यवस्थापक अजूनही भेटू शकतो, म्हणून बिल तपासून घ्यावे.

दक्षिणेत मात्र लॉजची एक रीत मला मनापासून आवडली. चेन्नईत एग्मोरच्या आणि बेंगळुरूत मॅजेस्टिकच्या परिसरातली अनेक जुनी लॉज चोवीस तासांच्या हिशेबाने खोली देतात. गाडी पहाटे सहाला पोहोचली तर सहालाच खोली मिळते आणि दुसऱ्या दिवशी सहापर्यंत ती आपली असते. उत्तरेत दुपारी बाराच्या नियमामुळे रात्रभर प्रवास करून आलेला माणूस सकाळचे सहा तास सामान घेऊन ताटकळतो किंवा लवकर प्रवेशाचे जास्तीचे पैसे मोजतो. ज्यांचे आरक्षण निश्चित आहे त्यांनी अशा वेळी रेल्वेच्या रिटायरिंग रूमचा, म्हणजे स्थानकातच भाड्याने मिळणाऱ्या खोलीचा, विचार करावा. पीएनआर क्रमांकावर ती एका तासापासून अठ्ठेचाळीस तासांपर्यंत घेता येते. एग्मोरच्या आमच्या लॉजमध्ये चावीला लाकडाचा जाड ठोकळा होता, नोंदवहीत आपले नाव, कुठून आलो आणि कुठे जाणार हे आपणच लिहायचे होते, आणि चेन्नई सेंट्रलवरून मेट्रोने तिथे यायला एकच स्थानक लागले. मैलापूरला जाण्यासाठी मात्र उपनगरी रेल्वेच्या एमआरटीएस मार्गावरचे तिरुमयिलै स्थानक गाठावे लागते आणि त्याचे तिकीट वेगळे. मुंबईतही लोकलला हे कार्ड चालत नाही. आरे ते कफ परेड ही मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यानंतरही पाहुण्याला दादरहून ठाण्याला जाताना तिकीट वेगळेच काढावे लागते. एका कार्डात सगळे शहर, हा दावा म्हणूनच आजही अर्धवट आहे.

पाचशे रुपयांचा प्रकार घडल्यावर कार्ड परत करायचे मी ठरवले होते. ते मत बदलले ते दिल्लीत राजीव चौकात, संध्याकाळी. तिथे दोन मार्गिका एकत्र येतात आणि त्या वेळची गर्दी पाहिल्याशिवाय कळत नाही. बाहेर पडण्याच्या गेटांपाशी फोनवरचे क्यूआर तिकीट उघडण्यासाठी लोक रांग सोडून बाजूला उभे राहत होते. कुणाचे नेटवर्क गेलेले, कुणाचा पडदा अंधुक, कुणाचा फोन बंद पडण्याच्या बेतात. आम्ही कार्डे टेकवली, छोट्या पडद्यावर कापलेले भाडे आणि उरलेली शिल्लक उमटली आणि दार उघडले. गेट बँकेला विचारत नाही म्हणूनच ते इतक्या तत्परतेने उघडते. ज्या गुणामुळे मला त्या सकाळी अडवले गेले त्याच गुणामुळे मी इथे अडलो नाही, हे मान्य केल्याशिवाय प्रामाणिक अभिप्राय देता येणार नाही. भाड्याचा बोजाही सोसण्याजोगा आहे: ऑगस्ट २०२५ च्या वाढीनंतरही एअरपोर्ट एक्स्प्रेस वगळता दिल्ली मेट्रोचे सर्वाधिक भाडे ६४ रुपये आहे.

चार जणांच्या कुटुंबाला मात्र मी हे कार्ड सुचवणार नाही. प्रवेश आणि निर्गमन यांची नोंद एकाच चिपवर जुळावी लागते, त्यामुळे एका कार्डावर दोघे जाऊ शकत नाहीत आणि प्रत्येकाला आपले कार्ड लागते. चार कार्डांची खरेदी, चारही चिपमध्ये वेगवेगळी शिल्लक, आणि सहल संपल्यावर प्रत्येकात अडकून राहिलेले साठ-सत्तर रुपये, हा हिशेब परवडत नाही. एखाद्याच शहरी सहलीसाठी जाणाऱ्या कुटुंबाने क्यूआर तिकिटे काढावीत; दिल्लीत ती व्हॉट्सॲपवरूनही मिळतात. शिवाय चिपमधली शिल्लक खिशातल्या रोकड रकमेसारखी असते. कार्ड हरवले तर बँक ते बंद करते, पण ज्याला ते सापडले तो आतली रक्कम संपेपर्यंत गेट ओलांडू शकतो. म्हणून आम्ही चिपमध्ये कधीही तीनशेहून अधिक ठेवत नाही, आणि पैसे ॲपमधून न भरता शक्यतो स्थानकाच्या खिडकीवरच भरतो, कारण तिथे भरलेले पैसे थेट चिपमध्ये उतरतात आणि त्याची पावती हातात पडते.

त्या पाचशे रुपयांसाठी मला तीन निरनिराळ्या ठिकाणी तक्रार नोंदवावी लागली. प्रत्येक उत्तरात व्यवहार यशस्वी असल्याचेच लिहिले होते. अखेरीस मी गेटवरची नकाराची वेळ, क्यूआर तिकिटाची पावती आणि ॲपचा पडदा अशी तिन्ही छायाचित्रे जोडून लेखी कळवले की तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत (बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या व्यवस्थेत) तक्रार करीन. मुदत संपायच्या आत रक्कम माझ्या खात्यात परत आली. दिलगिरीचा शब्द आला नाही. ही एकात्मिक योजना २०२१ पासून आहे, तिला शुल्क नाही, आणि पन्नास रुपयांसाठीही ती वापरायला कुणी संकोचू नये.

माझी मागणी एवढीच आहे की ॲपच्या पहिल्या पडद्यावर दोन आकडे वेगवेगळे दिसावेत, चिपमध्ये किती आहेत आणि चिपमध्ये उतरायचे किती बाकी आहेत. चिपमधला आकडा शेवटच्या नोंदीइतकाच जुना असेल, तर त्या नोंदीची तारीख शेजारी छापावी. आणि जी रक्कम सात दिवसांत चिपमध्ये उतरली नाही ती ग्राहकाने न मागता त्याच्या खात्यात परत जावी.