शायनी सर्व्हरवर ‘पॅकेज सापडत नाही’: सामायिक लायब्ररी, आर-एन्व की डॉकर?

आर ही आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा, आरस्टुडिओ हा तिचा एडिटर आणि शायनी हे तिच्यातून वेब-अ‍ॅप करायचं पॅकेज, म्हणजे तयार कोडचा संच. आरस्टुडिओत अ‍ॅप झकास चालतं. तेच फोल्डर शायनी सर्व्हरच्या जागी नेऊन ठेवलं की ३८३८ पोर्टवर ‘अ‍ॅप सुरू होऊ शकलं नाही’ एवढंच दिसतं, आणि लॉग उघडला तर त्यात ‘एसएफ नावाचं पॅकेजच नाही’ (एसएफ म्हणजे नकाशाच्या डेटासाठीचं पॅकेज). आता मघाशी याच मशीनवर आपण एसएफ टाकलं, ते गेलं कुठे? मग बहुतेक जण तेच पॅकेज तिथूनच पुन्हा टाकतात. मीही तीनदा टाकलं होतं.

पॅकेज हरवलेलं नसतं. ते तुमच्या कपाटात असतं आणि सर्व्हर दुसऱ्याच कपाटात शोधत असतो. सामायिक जागेत लिहायची परवानगी नसली की तुम्ही टाकलेलं पॅकेज तुमच्या होम फोल्डरमधल्या खासगी लायब्ररीत, म्हणजे पॅकेजांच्या फोल्डरात, जातं. आरस्टुडिओ तर हे विचारतही नाही. शायनी सर्व्हर मात्र ‘शायनी’ नावाच्या वेगळ्या युझरकडून अ‍ॅप चालवतो आणि त्या युझरला तुमचं घर माहीत नसतं. खात्री करायची तर टर्मिनलवर सुडोने (दुसऱ्या युझरच्या अधिकारांनी आज्ञा चालवायची सोय) शायनी हा युझर धरून आर उघडा आणि डॉट-लिबपाथ्स विचारा; आर कुठल्या लायब्रऱ्यांत शोधतो ते त्यातून कळतं. जी यादी येईल तेवढीच त्याची दुनिया. (लॉग आपोआप पुसला जात असेल तर सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘प्रिझर्व्ह लॉग्ज’ ट्रू करून ठेवा. नाही तर वाचायला काही उरणार नाही.)

म्हणजे प्रश्न एवढाच, की कपाट कोणाचं वापरायचं.

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे सामायिक लायब्ररी. सुडोने रूटचं (मुख्य अ‍ॅडमिनचं) पूर्ण लॉगिन घ्या, त्यातून आर उघडा आणि पॅकेज टाका. उबुंटूवर ते यूझर-लोकलखालच्या साइट-लायब्ररीत जातं आणि सगळ्या युझरना दिसतं. एक-दोन अ‍ॅप असतील तर याहून जास्त खटाटोप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण येते ती अ‍ॅप वाढल्यावर. एका अ‍ॅपसाठी आलेख काढणारं जीजीप्लॉट२ पॅकेज अद्ययावत केलं की दुसऱ्याचा आलेख बिघडतो, कारण सगळे एकाच ताटात जेवतात.

याच वाटेवर दुसरा काटाही आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. क्रॅन, म्हणजे आर पॅकेजांचं अधिकृत भांडार, विंडोज आणि मॅकसाठी तयार बायनरी (आधीच बांधलेली पॅकेजं) देतं, लिनक्ससाठी नाही. त्यामुळे सर्व्हरवर प्रत्येक पॅकेज मूळ कोडपासून कंपाइल होतं आणि त्याला ऑपरेटिंग सिस्टीमच्या लायब्रऱ्या लागतात. कर्ल, ओपनएसएसएल आणि एक्सएमएल२ या पॅकेजांना त्या-त्या नावाच्या ‘डेव्ह’ लायब्रऱ्या हव्यात. माझ्या तालुकानिहाय पावसाच्या नकाशासाठी एसएफ हवं होतं. त्याला जीडॅल, जिऑस, प्रोज आणि यूडीयुनिट्स असे चौघे लागतात. त्यातलं एक जरी नसलं तरी शेवटी ‘नॉन-झिरो एक्झिट स्टेटस’ येतं. ती ओळ बघून काही कळत नाही. खरं कारण वीस-पंचवीस ओळी वर असतं, तिथे जाऊन वाचा. १ जीबी मेमरीच्या स्वस्त सर्व्हरवर तर मोठं पॅकेज कंपाइल होता होताच मरतं. तिथे आधी स्वॅप (मेमरीसारखी वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वाढवा. हा सगळा त्रास टाळायचा तर उबुंटूच्या एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्तीवर आर-टू-यू घ्या. त्यात क्रॅनची पॅकेजं तयार बायनरी म्हणून अ‍ॅप्टमधून (उबुंटूच्या इन्स्टॉलरमधून) येतात आणि सिस्टीमच्या लायब्रऱ्याही सोबत आणतात. आरस्टुडिओ बनवणाऱ्या पॉझिट कंपनीचा सार्वजनिक पॅकेज मॅनेजरही लिनक्सच्या बायनरी देतो, पण सिस्टीमच्या लायब्रऱ्या बघायचं काम तुमच्याकडेच राहतं.

दोन पळवाटाही सर्रास सुचवल्या जातात. एक म्हणजे कॉन्फिगमधल्या ‘रन अ‍ॅज’पुढे शायनीऐवजी स्वतःचं नाव घालणं. चूक लगेच जाते, पण आता जगासमोर उघडं असलेलं अ‍ॅप तुमच्या अधिकारांनी चालतंय. अ‍ॅपमध्ये भोक असेल तर तुमच्या एसएसएच किल्ल्यांपर्यंत (इतर सर्व्हरवर लॉगिन करायच्या फाइलींपर्यंत) वाट मोकळी. ऑफिसच्या आतल्या मशीनवर चालून जाईल, इंटरनेटवर नको. दुसरी पळवाट म्हणजे अ‍ॅपच्या पहिल्या ओळीत आपल्या खासगी लायब्ररीचा पत्ता लिहिणं. उबुंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डर इतरांना वाचता येत नाही, म्हणून हे चालत नाही, आणि मग लोक होम फोल्डरलाच ७७७ (सगळ्यांना वाचा-लिहायची) परवानगी देऊन मोकळे होतात. कृपा करून हे करू नका.

आता आर-एन्व हे आरचं पॅकेज. यात प्रत्येक अ‍ॅपचं कपाट वेगळं आणि लॉकफाइलमध्ये प्रत्येक पॅकेजची आवृत्ती नोंदलेली. लॅपटॉपवर स्नॅपशॉट घ्या (आवृत्त्या नोंदवा), सर्व्हरवर रिस्टोअर करा (त्याच आवृत्त्या टाका). दोन अ‍ॅपांना एकाच पॅकेजच्या वेगळ्या आवृत्त्या हव्या असतील, किंवा आज केलेलं अ‍ॅप दोन वर्षांनी जसंच्या तसं चालायला हवं असेल, तर हाच पर्याय. पण फसायच्या जागा आहेत. आर-एन्व पॅकेजं एका कॅशमध्ये (साठ्यात) ठेवतो आणि अ‍ॅपच्या फोल्डरात फक्त दुवे देतो. ती कॅश असते रिस्टोअर करणाऱ्याच्या घरात! म्हणजे फिरून तेच रामायण: दुवा दिसतो, पण शायनीला तो उघडता येत नाही. कॅशचा पत्ता ऑप्टखाली सामायिक जागी द्या, किंवा आर-एन्वचं ‘आयसोलेट’ चालवून पॅकेजं फोल्डरातच उतरवून घ्या. आर सुरू होताना वाचली जाणारी डॉट-आरप्रोफाइल ही फाइल लपलेली असते, तारांकन वापरून कॉपी केलं की ती मागे राहते आणि आर-एन्व जागाच होत नाही. शिवाय आर-एन्व कोड वाचून पॅकेजं शोधतो. एखाद्या पॅकेजला एखाद्याच कामापुरतं दुसरं पॅकेज लागतं, पण तुमच्या कोडमध्ये त्याचं नाव कुठेच नसतं, तेव्हा ते लॉकफाइलमध्ये येईलच असं नाही. जीडॅल वगैरे सिस्टीमच्या लायब्रऱ्या आर-एन्व स्वतः टाकत नाही.

त्या बघायला डॉकर: अ‍ॅप, आर आणि सिस्टीमच्या लायब्रऱ्या एका बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, बांधणारं साधन. २०१४ साली सुरू झालेल्या, आरसाठी डॉकर इमेज बनवणाऱ्या रॉकर प्रकल्पाची शायनीसाठी तयार इमेज (कंटेनरचा साचा) आहे, आणि आवृत्ती सांगून घेतली तर आर आणि पॅकेजांची तारीख दोन्ही गोठवलेली मिळतात. बाकीचं सगळं डॉकरफाइलमध्ये लिहायचं. एका मशीनवर आरच्या दोन आवृत्त्या हव्यात, किंवा सर्व्हर दर वर्षी बदलतो, तर डॉकर घ्या. एकट्या माणसाला एका डॅशबोर्डसाठी मात्र हे ओझंच. नंतर कंटेनरच्या आत जाऊन पॅकेज टाकलंत, तर कंटेनर नवा केला की ते गायब. मग पुन्हा तीच ओळ लॉगमध्ये.

मी स्वतः आज नवीन सर्व्हर घेतला तर आर-टू-यूने सामायिक लायब्ररी भरेन आणि ज्या अ‍ॅपाचं दुसऱ्याशी भांडण होईल त्याच्यापुरता आर-एन्व लावेन. आर नव्या आवृत्तीवर नेल्यावर खासगी लायब्ररी रिकामी दिसेल, कारण तिच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. हाताने कंपाइल केलेली सामायिक पॅकेजं तेव्हा ‘चेक-बिल्ट’ ट्रू देऊन पुन्हा बांधून घ्यावी लागतात.

पॅकेज योग्य जागी पोचलं तरी चूक तशीच दिसत असेल, तर जुनी आर प्रक्रिया अजून चालू असण्याची शक्यता आहे. अ‍ॅपच्या फोल्डरात रीस्टार्ट-डॉट-टीएक्सटी नावाची रिकामी फाइल करा, असेल तर तिला नुसता टच द्या, आणि पान पुन्हा उघडा.