पॉवर क्वेरीतील फंक्शनांची माहिती: कुठे शोधावी, कितपत पुरते

एक्सेल २०१६ पासून अंगभूत असलेल्या पॉवर क्वेरीत निरनिराळ्या ठिकाणचा डेटा एकत्र आणण्याचे बरेचसे काम माउसनेच उरकते. पण थोडे पुढे गेले की ‘एम’ या पॉवर क्वेरीच्या स्वतःच्या सूत्रभाषेतील फंक्शने हाताने लिहावी लागतात, आणि तेव्हा त्यांची माहिती चटकन मिळणे फार महत्त्वाचे ठरते.

मायक्रोसॉफ्ट लर्न या संकेतस्थळावरील संदर्भपाने नीटनेटकी आहेत. टेक्स्ट, लिस्ट, टेबल, डेट अशी त्यांची विभागणी आहे. मात्र शोधण्यासाठी नाव आधी ठाऊक लागते. एक्सेलमधील ‘लेफ्ट’ इथे ‘टेक्स्ट.स्टार्ट’ होते, तर ‘मिड’चे ‘टेक्स्ट.मिडल’ होते आणि त्यातील मोजणी एकाऐवजी शून्यापासून सुरू होते.

म्हणूनच मला पॉवर क्वेरीच्या एडिटरमधलीच सोय अधिक मोलाची वाटते. कोरी क्वेरी उघडून फॉर्म्युला बारमध्ये बरोबर चिन्हापुढे ‘#शेअर्ड’ हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत लिहिला, की आपल्या आवृत्तीत उपलब्ध असलेली सगळी फंक्शने, स्वतःच्या क्वेरींसह, समोर येतात. ‘इनटू टेबल’ने त्या यादीचे टेबल करून नावांच्या स्तंभाला ‘जॉइन’ असा फिल्टर लावला, तर जोडणीची फंक्शने एका जागी दिसतात. नाव माहीत असेल तर ते कंस न लावता लिहावे. वर्णन आणि मूल्ये भरायचा तक्ता तिथेच उघडतो. लहान-मोठी अक्षरे मात्र तंतोतंत हवीत.

‘नंबर.राउंड’ असे उघडून पाहावे. त्यात संख्या, दशांश स्थळे आणि राउंडिंग मोड अशी तीन मूल्ये दिसतात. तिसरे ऐच्छिक आहे म्हणून सोडून दिले, तर २.५ चे उत्तर २ येते, कारण बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे वळवली जाते. एक्सेलचे ‘राउंड’ मात्र ३ देते. बिलांचा हिशेब करणाऱ्याने हे ऐच्छिक मूल्य वाचल्याशिवाय पुढे जाऊच नये.

उणीव आहे ती वेगाच्या बाबतीत. एखादी पायरी डेटा साठवणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरवरच पार पडेल की सगळ्या ओळी आपल्या संगणकावर ओढल्या जातील, हे फंक्शनच्या पानावर सहसा सापडत नाही. त्यासाठी ‘क्वेरी फोल्डिंग’वरचे, म्हणजे पायरीचे काम मूळ सर्व्हरकडेच सोपवण्यावरचे, स्वतंत्र लेख वाचावे लागतात. तोवर पायरीवर राइट-क्लिक करून ‘व्ह्यू नेटिव्ह क्वेरी’ हा पर्याय उघडतो का, एवढे तरी जरूर पाहावे; उघडला तर ती पायरी सर्व्हरवरच पार पडते.