आईच्या पुड्या लॅबमध्ये टेस्ट करून घेतल्या, त्याचा अनुभव

आईला गुडघेदुखीसाठी एका वैद्यांकडून कागदाच्या पुड्या यायच्या, आत करडी पावडर, ना नाव ना बॅच नंबर ना एक्सपायरी. दोन महिन्यांनी पोटात कळा, बद्धकोष्ठ, थकवा सुरू झाला तेव्हा उरलेल्या पुड्या पुण्यातल्या एका एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबला हेवी मेटल टेस्टला दिल्या.

सर्व्हिस खरंच चांगली. काउंटरवरच्या ताईंनी नीट समजावलं की वनस्पतीच्या औषधात शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग) वर नको, पण भस्मात धातू मुद्दाम घातलेला असतो त्यामुळे त्याला हे आकडे तसेच लागू होत नाहीत, म्हणून आधी आत काय आहे ते विचारून या. वैद्यांनी तर आम्हाला फक्त जडीबुटी सांगितलेलं!

रिपोर्टमध्ये शिसं मर्यादेच्या कितीतरी पट. आईच्या रक्तातही वाढलेलं निघालं, पुड्या त्याच दिवशी बंद. विचारायला गेलो तर वैद्य म्हणे भस्म पाण्यावर तरंगतं, बोटांच्या रेषांत बसतं, म्हणजे शुद्धच. अहो, ती वारितर आणि रेखापूर्ण परीक्षा, त्यातून पावडर किती बारीक ते कळतं, शरीरात शिसं किती जाईल ते नाही कळत. फार राग आला.

लॅबबद्दल तक्रार एवढीच की आठ दिवस सांगून बारा लावले आणि रिपोर्ट फक्त इंग्रजीत. आणि हो, सगळ्या पुड्या लॅबला देऊ नका, एक घरी ठेवा, एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) तक्रार करताना मला तीच कामाला आली.